क्वांटम डॉट आणि त्याची भावंडं: ठाणे-नवी मुंबईच्या व्याख्यानांनंतर हमखास येणारे प्रश्न

मी ठाण्यात भौतिकशास्त्र शिकवते. अर्धवाहक नॅनोरचना या विषयावर ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी इथल्या महाविद्यालयांत आणि वाचनालयांत बोलणं होतं. चहाच्या वेळी जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची सक्ती नाही, पण आकार आणि रंगाचा प्रश्न आधी वाचलात तर बाकीचे सोपे जातील.

नॅनोरचना म्हणजे नेमकं किती लहान?

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपण बोलतोय ते साधारण २ ते २० नॅनोमीटरच्या अर्धवाहक (सेमीकंडक्टर) कणांबद्दल आणि थरांबद्दल. यातल्या कणांनाच क्वांटम डॉट म्हणतात. कॅडमियम सेलेनाइडचा ५ नॅनोमीटर व्यासाचा कण घेतला तर त्यात जेमतेम अडीच हजार अणू भरतात. त्यातलेही जवळपास एक तृतीयांश पृष्ठभागावर असतात. पृष्ठभागाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच डोकेदुखी होणार आहे.

पदार्थ तोच, मग नुसत्या आकाराने रंग कसा बदलतो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या मते सगळा विषय यातच आहे.

अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेचे दोन पट्टे असतात. खालचा भरलेला, वरचा जवळपास रिकामा, आणि दोघांच्या मध्ये एक पट्टी जिथे इलेक्ट्रॉनला जागाच नाही. या मधल्या पट्टीची रुंदी म्हणजे बँडगॅप. प्रकाशकणाने पुरेशी ऊर्जा दिली तर इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. होल धन प्रभारासारखं वागतं, त्यामुळे वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खालचं होल एकमेकांना ओढतात आणि त्यांची जोडी जमते. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. इलेक्ट्रॉन परत खाली आला की जोडी संपते आणि एक प्रकाशकण बाहेर पडतो. त्याचा रंग ऊर्जेवरून ठरतो: १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या (हे ऊर्जा मोजायचं छोटं एकक) ऊर्जेने भागा, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. हा १२४० चा आकडा पाठच करून टाका.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या स्फटिकात या जोडीतल्या दोघांमध्ये ठरावीक अंतर असतं. कॅडमियम सेलेनाइडमध्ये ते सुमारे ५ ते ६ नॅनोमीटर, गॅलियम आर्सेनाइडमध्ये ११-१२, लेड सल्फाइडमध्ये १८ ते २०. कॉपर क्लोराइडमध्ये मात्र एका नॅनोमीटरहूनही कमी. कणच या अंतरापेक्षा लहान केला तर जोडीला दाटीवाटीने राहावं लागतं. इलेक्ट्रॉन ही लाटही आहे, आणि लाट लहान जागेत कोंडली की तिला आखूड तरंगलांबीच परवडते. आखूड तरंगलांबी म्हणजे जास्त ऊर्जा. बासरी जितकी आखूड तितका सूर वरचा, तसंच हे.

मोठ्या कॅडमियम सेलेनाइडचा बँडगॅप १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. भागाकार केला तर ७१० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लाल रंगाची अगदी कड. त्याच पदार्थाचे ६ नॅनोमीटरचे कण लाल चमकतात, ४ चे पिवळे-नारिंगी, ३ चे हिरवे आणि २ चे निळे. रसायन बदललेलं नाही, फक्त कण लहान होत गेले.

शिवाय कण शोषून घेतो ते आपल्या उंबरठ्याच्या, म्हणजे बँडगॅपच्या, वरचं जवळपास सगळं, पण बाहेर टाकतो तो एकच रंग. म्हणून अतिनील किरणांच्या एकाच टॉर्चखाली पाच बाटल्या पाच रंगांत उजळतात. सभागृहात ती चित्रफीत दाखवली की मागच्या बाकावरच्यांचेही मोबाईल खाली जातात.

"मॅडम, याचं गणित आम्हाला जमेल का?"

जमेल, आणि करूनच पाहा. बी.एस्सी.ला पेटीतल्या कणाचं सूत्र येतं: प्लांकच्या स्थिरांकाचा वर्ग भागिले (८ × वस्तुमान × रुंदीचा वर्ग). मोकळा इलेक्ट्रॉन १ नॅनोमीटर रुंद पेटीत ठेवला तर उत्तर ०.३७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट येतं. बाकी सगळं याच आकड्यावरून काढता येतं.

गॅलियम आर्सेनाइडचा १० नॅनोमीटर जाड थर घ्या. स्फटिकाच्या आत इलेक्ट्रॉन हलका असल्यासारखा वागतो, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट. म्हणून ०.३७६ ला १०० ने आणि मग ०.०६७ ने भागायचं: ०.०५६. जड होलसाठी वस्तुमान ०.४५ धरलं तर ०.००८. दोन्ही मिळून ०.०६४, मूळ बँडगॅप १.४२. बेरीज १.४८ ते १.४९, म्हणजे प्रकाश ८७० नॅनोमीटरवरून ८३५ च्या जवळपास सरकला. प्रत्यक्षात सरक यापेक्षा कमी असते, कारण आपण भिंती अनंत उंच धरल्या आणि खऱ्या थराच्या भिंती तशा नसतात. इलेक्ट्रॉनची लाट थोडी भिंतीतही शिरते.

हाच हिशोब कॅडमियम सेलेनाइडच्या ३ नॅनोमीटरच्या गोल कणासाठी केलात तर उत्तर ३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे जातं, मोजमाप मात्र २.३ च्या आसपास सांगतं. विद्यार्थी इथे घाबरतात की आपलं काही चुकलं. चुकलेलं नसतं. इतक्या लहान कणात सोपं सूत्र ताणलं जातं: भिंती अनंत उंच नाहीत, आणि "हलक्या वस्तुमाना"ची कल्पनाही पूर्ण लागू राहत नाही. सूत्र कुठे दगा देतं हे स्वतः हिशोब करून पाहिलेला विद्यार्थी मला नुसतं बरोबर उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

सोन्याचे नॅनोकण लाल दिसतात. तेही हेच ना?

नाही. सोनं धातू आहे, त्याला बँडगॅपच नाही. तिथे मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा अख्खा समूह प्रकाशाबरोबर एकदम डोलतो आणि हिरव्या भागाचा प्रकाश खातो, म्हणून द्रावण लाल दिसतं. फॅरडेने १८५७ मध्येच असली सोन्याची द्रावणं अभ्यासली होती. मोरपिसाचा रंग तर याहूनही निराळा, तो पिसातल्या बारीक रचनेवर लाटांचं व्यतिकरण होऊन येतो. तिन्हीकडे आकाराला महत्त्व आहे, म्हणून घोटाळा होतो. पण कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची गोष्ट फक्त अर्धवाहकाची.

विहीर, तार आणि डॉट यांत फरक काय?

किती दिशांनी कोंडलं, एवढाच. एका दिशेने कोंडलं तर क्वांटम विहीर: पातळ थर, इलेक्ट्रॉन लांबी-रुंदीत मोकळा, जाडीत अडकलेला. दोन दिशांनी कोंडलं तर क्वांटम तार. तिन्ही दिशांनी कोंडलं तर डॉट, आणि मग अणूसारख्या सुट्या सुट्या ऊर्जापातळ्या मिळतात. म्हणून डॉटला कृत्रिम अणूही म्हणतात.

प्रसिद्धी डॉटला मिळाली, पण घराघरांत आधी पोचली ती विहीर. १९७० मध्ये एसाकी आणि त्सू यांनी एकाआड एक थरांची कल्पना मांडली. १९७४ मध्ये बेल लॅब्समध्ये डिंगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ थरांच्या शोषणपटात सुट्या पायऱ्या मोजून दाखवल्या. वेगवेगळ्या अर्धवाहकांचे थर जोडण्याच्या कामासाठी आल्फेरोव आणि क्रोमर यांना २००० चं नोबेल मिळालं. तुमच्या इंटरनेटच्या फायबरमध्ये प्रकाश सोडणारा लेसर या घराण्यातलाच.

रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीत यातलं काही आहे का?

आहे, आणि तुम्ही ते आज रात्री पाहू शकता. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आत गॅलियम नायट्राइडच्या थरांमध्ये इंडियम मिसळलेल्या, तीनेक नॅनोमीटर जाडीच्या क्वांटम विहिरी असतात. त्या ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देतात, वर लावलेली पिवळी भुकटी त्यातला काही भाग पिवळ्यात बदलते आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

एक पुठ्ठ्याचा खोका घ्या. एका बाजूला ब्लेडने बारीक सरळ चीर पाडा, समोरच्या टोकाला जुनी सीडी तिरकी बसवा, वरून डोकावायला भोक ठेवा. सीडीवरच्या रेघा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे ती प्रकाशाचे रंग वेगळे करते. तलावपाळीवर फिरायला जाताना हा खोका सोबत न्या आणि चीर दिव्याकडे धरा. (लोक बघतात. बघू देत.) निळ्याचा ठळक पट्टा दिसेल, मग निळसर हिरव्यात एक अंधारी खाच, आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला रुंद पट्टा. निळा विहिरीतून आलेला, रुंद पट्टा भुकटीचा. एखाद्या गल्लीत जुना सोडियमचा दिवा शिल्लक असेल तर तोही पाहा, तिथे ५८९ नॅनोमीटरजवळचा पिवळा सगळ्यांवर मात करतो. सूर्याकडे मात्र खोका रोखू नका.

दुकानात "क्यूएलईडी" लिहिलेला टीव्ही खरंच क्वांटम असतो का?

असतो, पण नावावरून वाटतं तसा नाही. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक अशा टीव्हींत मागे निळे एलईडी असतात आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटचा एक पातळ पडदा. डॉट निळा प्रकाश गिळून शुद्ध हिरवा आणि शुद्ध लाल बाहेर टाकतात. पुढे नेहमीचा एलसीडी पडदा आहेच. म्हणजे डॉट इथे स्वतः वीज घेऊन उजळत नाहीत, ते रंग बदलून देतात. काही नव्या टीव्हींत मागचा निळा प्रकाश ओएलईडीचा असतो, पण डॉटचं काम तेच. विजेवर थेट चमकणाऱ्या डॉटचे पडदे प्रात्यक्षिकांत दिसतात, बाजारात अजून रुळलेले नाहीत.

मग फायदा काय? पट्टा अरुंद असतो. चांगल्या डॉटचा रंग २० ते ४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात मावतो, तर पांढऱ्या एलईडीतली पिवळी भुकटी १०० नॅनोमीटरहून जास्त पसरते. अरुंद लाल, अरुंद हिरवा आणि अरुंद निळा असले की मिसळून जास्त रंग तयार करता येतात. टीव्हीवर पूर्ण पांढरं चित्र लावून वरचा खोका त्याच्याकडे धरलात तर तीन वेगळे पट्टे आणि मध्ये काळोख दिसेल. दुकानातल्या विक्रेत्याच्या भाषणापेक्षा ही परीक्षा जास्त खरी. बाकी, घरी बातम्या आणि मालिकाच चालत असतील तर या फरकासाठी हप्ते वाढवू नका, असं मी माझ्या नातेवाइकांनाही सांगते.

शोध नक्की कुणाचा?

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: अलेक्सेई एकिमोव, लुई ब्रूस आणि मौंगी बावेंडी. तिघांची कामं वेगवेगळी आहेत, आणि एकाच वाक्यात उरकली की अन्याय होतो.

एकिमोव लेनिनग्राडमध्ये रंगीत काचांवर काम करत होते. कॉपर क्लोराइड मिसळलेली काच त्यांनी ५०० ते ७०० अंश सेल्सियसला, कधी तासभर तर कधी चार दिवस तापवली. आत वेगवेगळ्या आकाराचे स्फटिक वाढले आणि कण जितके लहान तितकं शोषण निळ्याकडे सरकलं. १९८१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. सोव्हिएत नियतकालिकातलं ते काम अमेरिकेत पोचलं नव्हतं. तिकडे बेल लॅब्समध्ये ब्रूस कॅडमियम सल्फाइडचे कण द्रावणात बनवून वेगळेच प्रयोग करत होते. टेबलावर काही काळ ठेवलेल्या द्रावणाचे प्रकाशगुण बदलल्याचं त्यांच्या लक्षात आलं. कण वाढले होते. १९८३ मध्ये त्यांनी याचा खुलासा केला. एफ्रोस यांनी सिद्धांताची बाजू उभी केली, त्यांचं नाव बक्षिसात नाही म्हणून विसरू नका.

तरी दहा वर्षं एक अडचण होती: एका बाटलीत लहान-मोठे कण मिसळलेले, रंग गढूळ. ब्रूस यांच्याकडे आधी काम केलेल्या बावेंडींनी १९९३ मध्ये एमआयटीत ती सोडवली. अतिशय गरम द्रावकात घटक पिचकारीने एकदम सोडायचे, सगळ्या कणांचे अंकुर एकाच क्षणी फुटतात, मग तापमान सांभाळत हवे तेवढे वाढवायचे. सगळे कण जवळजवळ एकाच मापाचे. टीव्हीपर्यंतचा रस्ता इथून मोकळा झाला. याच बावेंडींना हार्वर्डमध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत १०० पैकी २० गुण मिळाले होते, हे मी प्रत्येक वर्गात सांगते, विशेषतः चाचणीचे पेपर वाटायच्या दिवशी.

सिलिकॉन एवढं स्वस्त आहे, मग एलईडी सिलिकॉनचे का नाहीत?

सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला थेट खाली पडता येत नाही. संवेग जुळवायला स्फटिकाच्या कंपनाची मदत लागते, त्यामुळे प्रकाश फारच क्वचित बाहेर पडतो आणि ऊर्जा बहुतेक उष्णतेत जाते. १९९० मध्ये कॅनहॅमने सच्छिद्र केलेलं सिलिकॉन लाल चमकताना दाखवलं. नॅनो आकारात कोंडलं की नियम थोडा सैल होतो. पण दिव्यांच्या शर्यतीत गॅलियम नायट्राइड फार पुढे निघून गेलं होतं.

डॉट लुकलुकतात असं वाचलं. का?

पृष्ठभागामुळे. बाहेरच्या अणूंचे काही बंध सुटे राहतात आणि इलेक्ट्रॉन तिथे अडकतो. एकटा डॉट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो काही काळ उजळतो, मग अचानक विझतो, पुन्हा उजळतो. १९९६ मध्ये हे नीट नोंदवलं गेलं. उपाय म्हणजे वर रुंद बँडगॅपचं कवच चढवायचं, बहुधा झिंक सल्फाइडचं. कवचाने चमक कित्येक पटींनी वाढते आणि लुकलुकणंही आटोक्यात येतं. डॉट बनवणारे लोक गाभ्यापेक्षा कवचावर जास्त रात्री जागतात.

क्वांटम संगणक आणि क्वांटम संदेशवहन यांच्याशी याचा संबंध काय?

एका डॉटमध्ये एकच जोडी असेल तर ती संपताना एकच प्रकाशकण निघतो. दुसरा हवा तर नवी जोडी भरावी लागते. त्यामुळे दोन कण एकदम कधीच येत नाहीत. साध्या लेसरकडून ही हमी मिळत नाही, तो कितीही मंद केला तरी कधीमधी दोन कण सुटतात, आणि गुप्त संदेशात तोच दुसरा कण चोरता येतो. डॉट एकेक प्रकाशकण देतो हे २००० मध्ये मोजून दाखवलं गेलं.

या कामाचे डॉट बाटलीतले नसतात. गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचा थर वाढवतात. इंडियम आर्सेनाइडच्या अणूंमधलं अंतर सुमारे ७ टक्क्यांनी जास्त, म्हणून दीड-दोन अणुथरांनंतर ताण सहन न होऊन थराची आपोआप बेटं होतात. तीच डॉट. मेख अशी की बहुतेक वेळा ते ४ केल्विनच्या आसपास, द्रवरूप हेलियमच्या थंडीत ठेवावे लागतात.

आपल्याकडे राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, म्हणजे ठाण्याहून लोकलच्या काही स्थानकांवर.

कॅन्सर शोधायला डॉट वापरतात का?

प्रयोगशाळेत, पेशींना खुणा करायला १९९८ पासून. नेहमीचे रंग लवकर फिके पडतात, डॉट टिकतात. माणसाच्या शरीरात सोडायचं म्हटलं की कॅडमियम आडवं येतं. "डॉटने कॅन्सर बरा" असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.

घरी किंवा कॉलेजच्या प्रकल्पात बनवता येतील का?

कॅडमियमचे? अजिबात नाही. कॅडमियम मूत्रपिंडं आणि हाडं खराब करतं. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणींतून आलेल्या कॅडमियमने "इताई-इताई" नावाचा भयंकर आजार झाला होता. त्यात गरम द्रावकात पिचकारीने रसायन सोडणं, तेही हवा न लागू देता. हे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय (फ्यूम हूड) आणि जाणत्या माणसाशिवाय करायचं काम नव्हे. लिंबाच्या रसातून कार्बन डॉट बनवायच्या चित्रफिती पाहून बंद भांडं ओव्हनमध्ये तापवणाऱ्यांनाही माझा हात जोडून नकार. भांडं फुटतं.

हळद स्पिरिटमध्ये घालून अतिनील टॉर्चखाली हिरवट चमकते, तो प्रयोग जरूर करा, फक्त जवळ ज्योत नको. पण ते डॉट नव्हेत. ती हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूची चमक आहे, आणि रेणूचा आकार आपल्याला हवा तसा लहान-मोठा करता येत नाही. प्रकल्पाच्या वहीत हा फरक लिहिलात तर परीक्षक खूश होतात.

इथे राहून हे शिकायचं असेल तर कुठे जावं?

अकरावी-बारावीच्या मुलांनी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र माहीत करून घ्यावं. विज्ञान ऑलिंपियाडचं काम तिथून चालतं, आणि वाशीहून हार्बरने खाडी ओलांडली की पुढचंच स्थानक. बारावीनंतर मूलभूत विज्ञानाकडे जायचं तर मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी (सीईबीएस) नेस्ट परीक्षा आहे. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी जॅम, आणि संशोधनासाठी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) प्रवेश परीक्षा आणि जेस्ट. आयआयटी पवईला आहे: ठाण्याहून धीम्या लोकलने कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षा, ऐरोलीकरांना पूल ओलांडून मुलुंडमार्गे. नॅनो उपकरणं बनवण्याची मोठी सुविधा तिथे आहे. कुलाब्याला जायला ठाणे आणि वाशी दोन्हीकडून सीएसएमटीची थेट गाडी आहे.

नोकऱ्या? खरं सांगायचं तर डॉट बनवणारे कारखाने आपल्या एमआयडीसीत रांगेने उभे नाहीत. पण पातळ थर वाढवणं, वर्णपटमापन, निर्वात यंत्रणा ही कौशल्यं चिप, सौर पटल आणि औषध उद्योगातही चालतात. हात यंत्रांवर बसवा, विषय नंतर बदलता येतो.

क्वांटम पेंडंट, क्वांटम पाण्याची बाटली यांचं काय?

पैसे वाचवा.

जुना क्वांटम डॉट टीव्ही भंगारवाल्याला दिला तर चालेल?

देऊ नका. इंडियम फॉस्फाइडचे, म्हणजे कॅडमियम नसलेले डॉट आता बऱ्याच टीव्हींत असतात आणि कॅडमियमसाठी वजनाच्या ०.०१ टक्क्याची मर्यादा नियमांत आहे. पण तुमच्या संचात नेमकं काय आहे ते बाहेरून कळत नाही, आणि भंगारात पडदे फोडले किंवा जाळले जातात. डॉट सोडाच, जुन्या सर्किटमधलं शिसंही हवेत जातं. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार टीव्हीच्या ई-कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर किंवा महापालिकेकडे चौकशी करा, नोंदणीकृत पुनर्चक्रणवाल्याकडेच संच सोपवा आणि पावती मागून घ्या.